मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या

काजवालीबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तर हाताला काही लागत नाही, आणि तिच्याविरुद्ध माझी पहिली तक्रार तीच आहे.

तिला नाव आहे. पण आमच्या यांच्या शिवणाच्या दुकानात ती काजं करायला आली आणि तेव्हापासून काजवालीच झाली. कोटाची काजं, शर्टाची बटणं, बाह्यांची हातशिलाई, सगळं तिच्याकडे. उंच, वाळकी, खांदे पुढे आलेले. कापड नाकाला लागेल इतकं जवळ धरून काम करायची. त्यामुळे आता समोर माणूस आला तरी ती तशीच वाकून बघते, कुठे उसवलंय ते शोधत असल्यासारखी. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. त्या मुलीला तिनं काजांवर वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं आणि या सगळ्यात कुणाजवळ एकदा रडली नाही. मी आपली भाजी महागली तरी देवाच्या कानावर घालते.

दुकानात हे मशीनवर आणि ती समोरच्या बाकावर, अशी किती वर्षं गेली. माझ्या वाट्याला यायचा तो रात्रीचा, दमलेला, कंबर धरलेला माणूस. दिवसाचा माणूस तिच्यासमोर बसलेला असायचा. मला हे तेव्हा कधी खुपलं नाही. खुपायला लागलं ते गोळ्यांपासून.

गेल्या वर्षी यांचं हृदय थकलं. पाय सुजायचे, जिन्याच्या मधल्या पायरीवर बसावं लागायचं. दवाखान्यात राहून आले, दुकान बंद झालं, मशीन बाहेरच्या खोलीत येऊन चादर पांघरून बसलं. गोळ्या मात्र जन्माच्या मागे लागल्या. पाणीसुद्धा मोजून प्यायचं, त्यामुळे घटाघटा पाण्याबरोबर ढकलायची सोय नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या चुकता कामा नयेत. पुन्हा अंगात पाणी साठलं तर या वेळेसारखे चालत घरी येतील असं मी सांगू शकत नाही."

आणि यांना गोळी गिळता येईना.

घशात नळी घालून तपासलं. घसा उत्तम. मी विचारलं, "मग गिळत का नाहीत हो?" डॉक्टर म्हणाले, "ते त्यांनाच विचारा." मी विचारलं. हे म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतो? खालीच जात नाही."

दोन गोळ्या चुरून चालत होत्या, त्या मी मधात कालवून दिल्या. पण ती लांबट पांढरी होती ना, ती चुरायची नाही, फोडायची नाही, अख्खीच पोटात जायला हवी. ती मी केळ्यात लपवली, दह्यात बुडवली, पावाच्या लगद्यात दडवली. केळं जायचं, दही जायचं, पाव जायचा. गोळी मागे राहायची, आणि राहायची कुठे, तर ओठांच्या डाव्या कोपऱ्यात. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"अहो, ती काय तिथे शोभेला ठेवलीय?"

हे मान हलवायचे. डोळे भरून यायचे. मी पाठ फिरवली की गोळी कुंडीत. कुंडीतलं रोप तेवढं ठणठणीत होतं. बायका आपलं म्हणणं नवऱ्याच्या गळी कसं उतरवतात कोण जाणे. मला एक गोळी उतरवता येत नव्हती.

अशाच एका सकाळी दारात काजवाली.

"वहिनी, आहेत का मास्तर?"

"आहेत. जातात कुठे?"

दुकान आवरताना टाचण्यांची उशी तिच्या डब्यात गेली होती, ती द्यायला आली होती. मुठीएवढी, लाल, कडा काळवंडलेली. हे खुर्चीत बसलेले, गोळी ओठांच्या कोपऱ्यात, मी वाटी घेऊन उभी. काजवालीनं नेहमीसारखं वाकून बघितलं. हसली नाही, काही विचारलं नाही. उशी त्यांच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाली, "मास्तर, टाचण्या."

यांचा हात आपोआप वर आला. दोन बोटांनी त्यांनी गोळी ओठातून काढली आणि उशीवर ठेवली. मग पुन्हा बोटं ओठाशी नेली. तिथे काही नव्हतं. ते नसलेलं काही त्यांनी चिमटीत धरलं आणि उशीत खोचलं. मग अजून एक. ती उशी धरून उभी. घाई नाही.

"मोकळं?" तिनं विचारलं.

"मोकळं," हे म्हणाले.

"घ्या मग." तिनं माझ्या हातातल्या वाटीतून, माझ्याच चमच्यानं दही घेतलं, त्यावर तीच गोळी ठेवली आणि दिली. गेली. मी जीभ वर करायला लावून बघितलं. खरोखर गेली होती.

"हे काय होतं?" मी.

"काही नाही, वहिनी, रोजचंच. टाचण्या तोंडात असल्या की मास्तर थुंकीसुद्धा गिळत नाहीत. चहा आला की आधी सगळ्या उशीत, मग मी 'मोकळं?' विचारायचं, मग चहा. यांच्याबरोबर शिकायला होता त्या मुलाच्या पोटात टाचणी गेली होती ना, तेव्हापासून."

कोणता मुलगा, कसली टाचणी? माझा संसार करून गुडघे झिजले आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. ती गेल्यावर मी यांना धरलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस. रोज देवाला सांगत बसली असतीस, यांच्या तोंडातल्या टाचण्या सांभाळ म्हणून. देवाला दुसरी कामं आहेत."

"आणि तिला सांगितलंत."

"तिला कशाला सांगायचं? ती समोर होती."

या उत्तरानं माझ्या अंगाचा जो काही तिळपापड झाला, तो कुठल्या औषधानं जाणारा नव्हता.

त्या दिवसापासून काजवाली रोज सकाळी येऊ लागली. मास्तर, टाचण्या. मोकळं? मोकळं. गोळी पोटात. पायांची सूज उतरली, हे जिना चढू लागले. मी देवाचे आभार मानायला बसायचे आणि मध्येच मनात यायचं, बरं होऊ दे, पण तिच्या हातून कशाला? असं मनात आलं की प्रार्थना अर्धी टाकून उठावं लागायचं. तशा तोंडानं देवासमोर कसं बसणार? रोजची वही मी लिहितेच, पण तिचं त्यात काही येऊ द्यायचे नाही. "आज गोळी घेतली," एवढंच. कोणी दिली ते नाही.

ती यायच्या आधी हे केस विंचरून बसायला लागले. लग्नाच्या दिवशी यांचे केस यांच्या आईनं विंचरले होते, तेही ओरडून.

मी तिचा चहा मुद्दाम पांचट करायचे. एक घोट घेऊन ती म्हणायची, "वहिनी, मला असाच आवडतो." आता अशा बाईचं काय करावं?

सगळ्यांत जिव्हारी लागलं ते एकदा त्यांचं बोलणं. हे ओठ घट्ट मिटून, टाचण्या तोंडात असल्यासारखे म्हणाले, "म्म म्म म्म्म म्म." आणि ती फसकन हसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतात, वहिनी रागावल्यात."

टाचण्यांच्या आडून बोलायची त्यांची एक भाषा होती. ती तिला येत होती. मी या माणसाशी इतकी वर्षं फक्त उघड्या तोंडानं बोलत आले होते.

मग एक दिवस ती म्हणाली, लेकीचे दिवस भरत आलेत, जावं लागणार. किती दिवस ते सांगता येत नाही. उशी तिनं माझ्या हातात दिली. "आता तुम्ही. नाहीच जमलं तर निरोप पाठवा, मी सगळं टाकून येते."

हे तिनं मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच मी ठरवलं की निरोप पाठवायचा नाही. लेकीच्या बाळंतपणातून तिला उठवून आणायचं, का, तर मला माझ्या नवऱ्याला गोळी देता येत नाही! त्यापेक्षा मीच ती गोळी खाल्ली असती.

पहिल्या सकाळी मी उशी धरली. "अहो, टाचण्या."

यांना हसू आलं. "तुझ्या तोंडी कसंतरीच वाटतं गं." तरी त्यांनी बोटं ओठाशी नेली, खोचल्यासारखं केलं. मी "मोकळं?" विचारलं, ते "मोकळं" म्हणाले, मी चमचा दिला. दही गेलं. गोळी डाव्या कोपऱ्यात.

"मास्तर" म्हणून पाहिलं. त्या शब्दानं माझीच जीभ अडखळली. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू गिऱ्हाईक चुकीच्या दुकानात शिरलंय. त्या दिवशी गोळी गेली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी पाय दाबताना माझ्या अंगठ्याचा खळगा त्यांच्या पुन्हा सुजलेल्या घोट्यावर तसाच राहिला, भरून येईना. मी फोन उचलला. तिचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. म्हटलं, एक सकाळ अजून. उद्या नाही गेली तर निरोप पाठवते. माझं नाक कापलं तर कापू दे, माणूस राहिला पाहिजे.

सकाळी मी उशी धरली. काही म्हणाले नाही, नुसती धरली. हे हळूहळू एकेक टाचणी काढत गेले. माझा हात भरून आला. मग थांबले.

"मोकळं?"

"एक राहिली."

तिच्याकडे कधी राहिली नव्हती. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"कुठे?"

त्यांनी डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. काढेनात. नुसते माझ्याकडे बघत बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, काजवाली एवढे दिवस येत होती, उशी धरायची, चमचा द्यायची, पण यांना तिनं कधी हात लावला नव्हता. तिच्या कामात ते बसत नव्हतं.

मी उशी मांडीवर ठेवली. वाकले, दोन बोटं त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याशी नेली, आणि नसलेली ती टाचणी अलगद ओढून काढली. टाचणी कुठे खोचायची? उशीची रीत तिची. मी ती माझ्या ब्लाऊजच्या बाहीत खोचली.

"मोकळं," मी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

हनुवटी जरा खाली करून त्यांनी चमचा घेतला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मी जीभ वर करायला लावली नाही. मला दिसलं होतं.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "ती बाहीतली जपून हं. टोचेल."

"टोचू दे."

तेव्हापासून रोज एक राहते. रोज मीच काढते. घोट्यावरचा खळगा आता राहत नाही.

काल काजवालीचा फोन आला. मुलगी सुखरूप बाळंत झाली, नातू झाला. मी आनंद केला, खरंच केला. मग तिनं विचारलं, "मास्तर गिळतात ना?"

"गिळतात की. एक टाचणी तेवढी राहते, ती मी काढते."

ती म्हणाली, "माझ्याकडे कधी राहिली नव्हती."

हे वाक्य मी दिवसभर लिमलेटच्या गोळीसारखं तोंडात घोळवलं. गिळलं नाही.

संध्याकाळी प्रार्थनेला बसले आणि या खेपेला अर्ध्यावरून उठले नाही. काजवालीच्या नातवासाठी मनापासून मागितलं. म्हटलं, देवा, त्या बाळाला उदंड आयुष्य दे, चांगली बुद्धी दे. आणि त्याला आजीचा एवढा लळा लाव, एवढा लळा लाव, की तिला तिथून पाऊल उचलवू नये.