ऊन की ताप

त्या सकाळी आम्ही दोघांनी ओट्यावर उन्हात बसून बटला सोलला. बटला म्हणजे मटार, आमच्या सतवासला बटलाच म्हणतात. परात सरकवताना हिचा हात माझ्या हाताला लागला. गरम होता.

"थर्मामीटर आणू?"

"आणा. सकाळपासून तिसऱ्यांदा. मी काय भट्टीतला भुट्टा आहे? उन्हाचा गरम आहे हो हात. शेंगा सोला गुपचूप."

मी सोलल्या.

हिच्या आतड्यात वर्षभर जखमा होत्या, रक्त जायचं. देवासच्या डॉक्टरनं मला समजेल असं सांगितलं होतं. आतड्यात करोडो जंतू राहतात. ते वाईट नसतात, उलट पचवायला मदत करतात. अंगातले पहारेकरी त्यांना हाकलून देत नाहीत, फक्त भिंतीपासून लांब ठेवतात. मध्ये बुळबुळीत थर असतो. त्यातूनही एखादा घुसला तर तिथंच धरतात. मी मंडीत चौकीदारी केलेली, मला पटलं. मंडीत गायी हिंडायच्या. आम्ही कधी मारल्या नाहीत, पण धान्याच्या ढिगाला तोंड लावू दिलं नाही. हिचे पहारेकरी बिघडले होते. त्या गरीब जंतूंशीच भांडत होते आणि त्यात आपलीच भिंत जाळत होते. त्यांना शांत करायला गोळ्या दिल्या.

"लेकिन दादाजी, पहरा ढीला हो जाएगा," डॉक्टर म्हणाला. "ज़रा भी बुखार आए तो उसी दिन लाना."

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिवसातून दहादा तिचं कपाळ चाचपायचो. ती चिडायची, तरी चाचपायचो. एकदाच, त्या सकाळी, तिचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती थंडीनं कुडकुडायला लागली. गाडी करून देवासला नेलं. जंतू रक्तात गेले होते. तिसऱ्या दिवशी गेली.

मी डॉक्टरला विचारलं, एक दिवस आधी आणली असती तर? तो म्हणाला, "कह नहीं सकते." डही गावाहून मुलगी आली. ती म्हणते, बाबा, सोडा आता. काय सोडू?

दहन झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी त्याच वेळी, त्याच ओट्यावर, हात उन्हात धरून बसलो. बराच वेळ बसलो. मग मुलीला म्हटलं, हात लावून बघ.

"गरम लागतोय, बाबा," ती घाबरून म्हणाली.

काखेत थर्मामीटर लावला. ताप नव्हता. थर्मामीटर पुसून डबीत ठेवला आणि हात परत उन्हात धरला.