ताईचा आलेपाक

काल ताई माझ्यासाठी आलेपाक करत होती. पाक घट्ट होत आला, तशी ती ढवळता ढवळता गुणगुणू लागली. सूर अजून लखलखीत होता. लहानपणी आम्ही दोघं एकाच गुरुजींकडे गाणं शिकायचो. पुढे आमच्या वडिलांनी, अण्णांनी, तिचा क्लास बंद केला आणि माझ्या गळ्यासाठी आलेपाक करायचं काम तिला लावलं. मी शेवटी बँकेत चिकटलो. गाणं सुटलं, तिचा आलेपाक मात्र दर हिवाळ्यात येत राहिला.

"ताई, तेव्हा तू अण्णांशी भांडायला हवं होतंस," मी म्हणालो.

"भांडले होते की! रडलेसुद्धा. तू शेजारीच बसला होतास."

मला काहीच आठवेना. ते सगळं माझ्या सोयीचं होतं, म्हणूनच मी विसरलो असणार.