आडवे केलेले पाचशे

शिंपीबाबांनी उभ्या आयुष्यात हजारो विजारी शिवल्या आणि शिवताना गप्पाही मारल्या, पण लढाईचा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी धरली. तरुणपणी ते पलटणीत निरोप्या होते, एवढंच घरात ठाऊक. बायको विचारून विचारून थकली आणि एक दिवस देवाघरी गेली. डोळे अधू झाल्यावर बाबा लेकीकडे राहायला आले, तर जावयाचा धंदा निघाला बाहुल्यांचा, आणि तेही शिपायांच्या. दैव कधीकधी फार खोडसाळ असतं.

संग्रहालयासाठी जावई बाहेरच्या खोलीत दोन मेजं सजवत होता. एकावर तीनशे वर्षांपूर्वीची लढाई, दुसऱ्यावर बाबांची पलटण जिथे लढली तीच टेकडी. एक बाहुला म्हणजे पन्नास माणसं. दोन्हीकडे माप तेच, म्हणजे बघणाऱ्याला नुसत्या नजरेने तुलना करता यावी. टेकडीचं मेज जावई चादरीखाली झाकून ठेवी. भला माणूस. पण बाबांनी चादर केव्हाच उचलून पाहिली होती. त्यांच्या पलटणीचे दहा बाहुले आडवे पडले होते.

बाबांना त्या दिवशी निरोप घेऊन मागच्या छावणीत धाडलं होतं, म्हणून ते वाचले. दुसऱ्या दिवशी तिथेच कानावर आलं, पलटणीने पाचशे गमावले, म्हणजे जवळजवळ सगळेच. मग त्यांची रवानगी दुसरीकडेच झाली आणि पुढे कुणाला काही विचारायचा धीर झाला नाही. सगळे मेले आणि आपण तेवढे उरलो, ही बोच त्यांनी जन्मभर मुकाट्याने सोसली.

एका दुपारी संग्रहालयाच्या बाई आल्या, मेजं पाहिली आणि जावयाची चांगलीच हजेरी घेऊन गेल्या. बाबा बाहेर येऊन बघतात तर जावई चाकूच्या टोकाने आडवे बाहुले उपटतोय.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

जावई चपापला आणि चादर शोधू लागला.

"राहू द्या ती. मी पाहिलंय सगळं."

"घोळ घातलाय बाबा मी," जावई म्हणाला. "पाचशेचा आकडा दिसला, सगळे झोपवले. त्या जुन्या लढाईत तसंच केलं होतं ना. तिथे जखमी काय आणि मेलेला काय, सारखंच. जखम चिघळायची आणि महिनाभरात माणूस खलास. तुमच्या वेळी सैन्य दसपट, तोफा भयंकर, पण जखमींना उचलून न्यायचे, रक्त द्यायचे, टाके घालायचे. या पाचशेत मेलेले शंभर. बाकीचे जखमी, आणि पन्नासेक पकडलेले. तेही तह झाल्यावर सुटले म्हणे."

बाबांनी खुर्ची ओढली.

"मग हे आठ?"

"सात बसवायचे. बसलेला म्हणजे जखमी. एक तारेच्या कुंपणापलीकडे उभा करायचा, तो पकडलेला. बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेले, असं बाई सांगत होत्या."

"घरी?"

"घरीच की. लग्नं केली असतील, पोरंबाळं झाली असतील."

दोन बाहुले आडवेच राहणार होते, त्यांच्यासाठी बाबांचे डोळे भरून आले. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि तो उतरल्यावरच कळलं की केवढा होता. मग त्यांनी हात पुढे केला. जावई एरवी कुणाला मेजाला बोट लावू देत नसे, पण त्याने गुमान डिंकाची बाटली दिली. बाबांनी अंदाजाने एकेकाला टेकडीच्या पायथ्याशी बसवलं. दोन वाकडे बसले.

लेक चहा घेऊन आली, तर बाप पलटणीबद्दल बोलत होता. तंबू हलेल इतका घोरणारा एक, दुसऱ्यांचा साबण पळवणारा एक, भुताला भिणारा एक धिप्पाड गडी. ती कप हातात धरून दारातच उभी राहिली.

"आणि मी निरोप घेऊन गेलो तो गेलोच," बाबा म्हणाले. "पळाला म्हणाले असतील मला. घरी बसून, नातवंडांना सांगून सांगून अजून शिव्या घालत असतील."

"बाबा, असं काय बोलता?"

"घालू देत गं," बाबा म्हणाले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.