बिल्लाकाकांची चुकलेली तारीख

मृत्यूपुढे ज्यांचा चेहरा कधी हलला नाही अशा विरळ पुरुषांपैकी बिल्लाकाका एक होते. आमच्या गल्लीत याचे श्रेय त्यांच्या अध्यात्माला दिले जाई. खरे कारण एवढेच, की त्यांनी उभा जन्म मुखेड-देगलूर भागात म्हशींचे विमे उतरवण्यात घालवला होता. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात कंपनीचा बिल्ला ठोकतात. जनावर मेले की तो बिल्ला कानासकट हजर करावा लागतो, सोबत मेल्या जनावराचे फोटोही. त्यामुळे कुणाची म्हैस मेली आणि घरातल्या बाया रडत असल्या, तरी काका दारातूनच विचारीत, "बिल्ला हाय का?" बिल्ला असला की मग ते चपला काढून आत येत आणि मनापासून हळहळत.

सवय अंगी मुरली की ती माणूस आणि म्हैस असा भेद करीत नाही. माझे चुलते वारले तेव्हा काका भेटायला आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, फोटो काढून ठेवले न्हवं?" मग स्वतःच दचकले. "न्हाई, सहज इचारलं."

निवृत्तीनंतर त्यांनी नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्याला घर बांधले आणि ते माझे शेजारी झाले. मी कॉलेजात शिकवतो, पण त्यांच्या लेखी शिकवणारे सगळे मास्तरच. त्यांचे दुसरे दैवत म्हणजे तारीख. नोकरी सुटली तरी ते जुन्या गिऱ्हाइकांना हप्त्याच्या आधी फोन करीत. माझ्या स्कूटरच्या विम्याची मुदत मला कधी ठाऊक नसे, कुंपणाच्या भिंतीवरून आवाज येई, "मास्तर, मंगळवारी तुमची गाडी संपते!" त्यांचे एक वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होते: "माणूस गेला तर चालंल, तारीख जाऊ द्यायची न्हाई."

काकू गेल्यावर काका एकटेच होते. मुलगी रेणू पुण्यात नोकरीला. तिने तिथल्या रस्त्यावरून एक कुत्री उचलून पाळली होती. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. पुढे रेणूला जर्मनीत नोकरी लागली आणि कळले, की माणसाने तिकडे जाणे त्या मानाने सोपे आहे. कुत्र्याच्या मानेत आधी चिप बसवायची, मग रेबीजचे इंजेक्शन, मग रक्त काढून परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि रक्त काढल्यावर तीन महिने वाट पाहायची. रेणूला थांबता येईना. एका जूनमध्ये तिने खारीला नांदेडला आणून सोडले आणि ती विमानात बसली.

खारीला चिप बसवायला काका तिला लातूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही बरोबर होतो. काकांनी खारीची मान चाचपली. "डॉक्टर, बिल्ला कुठं दिसंना!" डॉक्टरांनी यंत्र फिरवून नंबर दाखवला. काका बराच वेळ त्या नंबराकडे पाहत राहिले. "कान कापायची भानगडच न्हाई," ते म्हणाले. "पुढारलेला मुलूख हाय."

त्या मुलखाविषयीचा आदर फार टिकला नाही. रेणूने फोनवर सांगितले, की तिथे खारीचे दोन विमे काढावे लागतील. एक आजारपणाचा, आणि दुसरा ती कुणाला चावली तर त्याची भरपाई देणारा.

"कुत्रं चावणार आन् पैसे कंपनी देणार?"

"हो बाबा."

"आपल्या गल्लीत असला धंदा केला तर कंपनी आठ दिवसांत खल्लास होईल माय."

आजारपणाच्या विम्याबद्दल त्यांची शंका वेगळी होती. म्हशीची किंमत दुधावर लागते, बैलाची कामावर. "ही दूध देत न्हाई, औत वढत न्हाई. चोर आला तर शेपूट हालवते. किंमत लावायची कशावर?"

पहिल्या आठवड्यात खारी अंगणात होती, नंतर ओसरीत. तीन महिने संपले, पण रेणूला कुत्र्यासकट ठेवून घेणारा घरमालक मिळेना. घरमालक ही जात जगभर एकच. असे करता करता वर्ष होत आले. एकदा मी गेलो तर काका खाली सतरंजीवर होते आणि खारी पलंगावर. "तिला फरशीचा गारवा सोसत न्हाई," काका म्हणाले. मे महिना होता.

"लागली का किंमत?" मी विचारले.

"लई हिशेब करून राहिलो मास्तर. न्हाई लागत." मग त्यांनी खारीचा कान चिमटीत धरून सोडून दिला. हात त्यांचा नेहमी कानावरच जाई.

त्याच सुमाराला रेणूला घर मिळाले. जूनअखेर येऊन ती खारीला नेणार होती. त्याआधी तेवढे खारीचे वर्षाचे इंजेक्शन द्यायचे होते. त्याला एका दिवसाचा उशीर झाला, तरी आधीची रक्ततपासणी बाद आणि सगळे पहिल्यापासून. लातूरच्या डॉक्टरांचा फोन आला. रेणूचाही आला. मीही भिंतीवरून आठवण केली.

"हाव, जाऊ की उद्या."

दुसऱ्या दिवशी लातूरला जायला ड्रायव्हर मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आज आमुशा हाय मास्तर. आज नगं." ज्यांनी सगळ्या अमावास्यांना म्हशींचे कान कापले, त्यांच्या तोंडचे हे वाक्य होते. तारीख गेली.

रेणूचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"बाबा, तुम्ही? तुम्ही तारीख विसरलात?"

"वय झालं माय."

मग रेणू म्हणाली, "म्हणजे आता दिवाळीनंतरच नेता येईल तिला."

"नियम हाय त्यांचा. नियमाला काय करता?"

"बरं. सांभाळाल ना तोवर?"

"बघतो," काका म्हणाले, मोठे ओझे डोक्यावर आल्यासारखे. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, काही बोलू नका." मी काही बोललोच नव्हतो.

भाद्रपदात एका दुपारी खारी भुंकायला लागली. ती भुंकणारी नव्हती. मी गेलो. काका सतरंजीवर आडवे होते आणि खारी पलंगावरून उतरून फरशीवर, त्यांच्या हाताशी बसली होती. मी दारात चपला काढल्या आणि काही न विचारता आत गेलो.

रेणू आली, दिवस करून एकटीच परत गेली. खारीचे तीन महिने अजून भरायचे होते. तोवर खारी माझ्याकडे राहिली. राहिली म्हणजे जेवायला येई. बाकी वेळ भिंतीपलीकडे, बंद दाराशी.

दिवाळीनंतर रेणू तिला न्यायला आली. आमच्याकडे जनावर दुसऱ्याच्या दारी देताना त्याचे दावे देत नाहीत. दाव्याबरोबर घरातली बरकत जाते म्हणतात. रेणूने खारीचा जुना पट्टा सोडला, पलंगाशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि तिला नवा घातला. त्या घरात बरकत घ्यायला आता कुणी उरले नव्हते.

कुलूप लावताना तिने विचारले, "सर, बाबा तारीख विसरले नव्हते ना?"

मी म्हणालो, "त्या दिवशी अमावास्या होती."

ती हसली. मग तशीच पायरीवर बसून बराच वेळ रडली. खारी शेजारी उभी होती.

आता खारी जर्मनीत आहे. गेल्यावर आठवड्याच्या आत ती घरमालकाच्या पोटरीला चावली. मानेतला नंबर जुळला आणि कंपनीने पूर्ण पैसे दिले.