पुतळाबाईची मिठाची पुडी

१८९४च्या वैशाखात आमच्या लालबागच्या चाळीतला जयवंत बरळू लागला. तो गिरणीत बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकायचा. आधी पोटऱ्यांत गोळे आले, मग तो आईलाही ओळखेना. त्या सकाळी तर झटका येऊन दारातच कोसळला.

चाळीनं निकाल दिला: करणी! करणारीही ठरली. शेजारची पुतळाबाई, सुके बोंबील विकणारी कोळीण. वासावरून जयवंतशी तिचं भांडण झालं होतं, एवढा पुरावा पुरला. तिला आजच बाहेर काढायचं ठरलं. मी तेव्हा नाटकात राण्यांची कामं करायचो. कपटी नजर आपल्याला ओळखता येते अशी माझी घमेंड. ती जयवंतच्या वाळत घातलेल्या सदऱ्याकडे रोज टक लावून बघायची, हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

गर्दीतून ती पुढे आली आणि जयवंतच्या बायकोला म्हणाली, "अंबिके, याच्या सदऱ्यावर घामाचे पांढरे डाग पडायचे. महिना झाला, दिसत नाहीत. मीठ खातो ना हा?"

अंबिका रडू लागली. आई तापातून उठावी म्हणून जयवंतनं दोन महिने अळणी जेवायचा नवस केला होता. नवस बोलून दाखवू नये, म्हणून सगळे गप्प.

"भट्टीपुढं एवढा घाम गाळतो नि वर नुसतं पाणी पितो! माझा दादला होडीवर असाच वाकडा झालेला, मिठानंच उठला." तिनं कनवटीची मिठाची पुडी काढली.

"हात लावू नको!" गिरणीत माणसं भरणारा, चाळीतलाच दगडू जॉबर गरजला. "राख असेल त्यात."

"मग चाख ना मेल्या!"

दगडू मागे सरला. जयवंतच्या आईनं, जाईबाईनं, चिमूट जिभेवर ठेवली. "मीठच आसा. घाल गो पेजेत."

"नवस मोडला तर तुम्हाला..." अंबिका अडखळली.

"माझां काय व्हायचां ता होवंदे."

जयवंत गिळू लागला, तशी चमच्या-चमच्यानं खारट पेज पाजली. दिवे लागायच्या सुमारास तो म्हणाला, "आये, रडतंस कित्याक?"

"बघितलंत?" दगडू म्हणाला. "जिनं बांधलं तिनंच सोडवलं!" आणि माना डोलल्या.

आठवड्यानं चाळीनं खोली सोडायला लावलीच, तशी पुतळाबाई भोईवाड्यात राहायला गेली. तिची ट्रंक जयवंतनं स्वतः डोक्यावरून नेली. मी कठड्याशी उभा होतो. हजार माणसांपुढं चढणारा माझा आवाज, पण चाळीला एक वाक्य सुनावायला तो फुटला नाही.