'डाइव्ह'चा पाचवा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत ताई सोळा वर्षं इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहीत होत्या. त्यांचा नवरा पाणबुड्या होता, बंदरात जहाजांचे तळ खरवडायचा. एका सकाळी तो पाण्याखाली गेला आणि त्याला दोराने वर ओढावं लागलं. तोवर सगळं संपलं होतं.

महिन्याभराने ताई कामावर आल्या, तर टेबलावर 'डाइव्ह' हा शब्द.

संपादक गडबडले. "ताई, हा मी करतो. तुम्ही पुढचा घ्या."

"असू दे, सर. शब्दाने कुणाचं काय घोडं मारलंय?"

त्या लिहू लागल्या. सूर मारणे. बुडी मारणे. विमानाने झपकन खाली येणे. भाव कोसळणे. दाताच्या डॉक्टरकडे भूल दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं.

"झालं की," संपादक म्हणाले.

"एक राहिलाय. पाणबुडे लोक उडी मारत नाहीत, सर, शिडीने उतरतात. मी एकदा ह्यांना विचारलं, आज किती बुड्या मारल्या? तर हसले. म्हणाले, अगं, आमच्यात डाइव्ह म्हणजे ड्यूटी."

त्यांनी पाचवा अर्थ लिहिला: पाण्याखाली जाऊन नेमून दिलेले काम करणे. उदाहरणापाशी पेन थांबलं. मग लिहिलं, 'आज त्याच्या दोन डाइव्ह झाल्या.'

संपादकांनी पाचव्या अर्थापुढे बरोबरची खूण केली. ताई डबा घेऊन उठल्या. भूक नव्हती, पण जेवायची वेळ झाली होती.