हात घालून पाहणारे पुंडलिकराव

दारव्ह्याचे पुंडलिकराव देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खातात. बत्तीस वर्षं त्यांनी जिनिंग कारखान्यात विकायला आलेला कापूस तपासला. बैलबंडीतला वरचा कापूस कोणाचाही पांढराशुभ्रच असतो. पाणी मारलेला माल असतो तळाशी. म्हणून हात खांद्यापर्यंत खुपसायचा, तळची मूठ ओढायची, मगच बोलायचं. बंड्या गेल्या, टेम्पो आले, नोकरीही संपली, पण खोड काही गेली नाही. अहो, सोयरीक पाहायला गेले तर पाहुण्यांच्या माठात डोकावून येणारा माणूस!

बेबीताईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे गेले, म्हणून पुण्याच्या मुलानं बैठकीच्या भिंतीवर टचस्क्रीन बसवून दिली. फाटकावर कोण आहे ते सोफ्यावरूनच दिसावं, बोट लावलं की कडी उघडावी. या स्क्रीनला वीज आणि चित्र दोन्ही एकाच बारीक वायरीतून येतात. ती वायर ओढली भारतनं, तांड्यावरच्या धावजीच्या मुलानं.

महिनाभर छान चाललं. मग एक दिवस घंटी वाजली की स्क्रीन उजळायची आणि फटकन विझायची. पुंडलिकरावांनी निकाल देऊन टाकला: पोरानं नकली वायर घातली! निकाल घरातच राहिला असता तर एक वेळ ठीक. पण ते जुन्या मित्राला, बाबारावांना, सांगून आले आणि बाबारावांनी आपल्या नव्या दुमजली घराचं विजेचं फिटिंग भारतला द्यायचं थांबवलं. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळत होतं.

तेव्हा भारत न बोलावताच आला.

"काकाजी, मले पाहू द्या. माही चूक असन त पुरी वायर बदलून देतो. नसन त बाबारावकाकाले तसं सांगा."

"पाह्य," पुंडलिकराव म्हणाले आणि खुर्ची ओढून थेट त्याच्या पाठीशी बसले.

भारतनं स्क्रीन काढली, जिथून वीज सुटते त्या कोपऱ्यातल्या खोक्यापाशी नेली आणि हातभर नव्या वायरीनं जोडली.

"काकाजी, फाटकावर जाऊन घंटी दाबता का?"

"अन् तू इथं एकटा? वा रे!"

शेवटी बेबीताईच काठी टेकत गेल्या. घंटी वाजली, स्क्रीन उजळली आणि उजळलेलीच राहिली.

"स्क्रीन चांगली, खोकं चांगलं," भारत म्हणाला. "दोष भिंतीतल्या वायरीत आहे."

"म्हंजे तुह्याच!"

त्यानं वायरीच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. आत आठ तारा, टेस्टरचे आठही दिवे लागले.

"दिवे त सगळे लागले," पुंडलिकराव डोळे बारीक करून म्हणाले. "आता काय सांगतं?"

"दिव्याले जराशी वीज पुरते, काकाजी. स्क्रीन उजळाले जास्त लागते. एखादी तार कुठंतरी अर्धवट तुटली आहे."

आणि तो भिंतीतल्या डबीचे स्क्रू काढू लागला. पुंडलिकरावांची खुर्ची हातभर मागे सरकली.

पंधरा दिवसांपूर्वी चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं होतं, आजकाल वायरी वरून तांब्याच्या, आतून अल्युमिनियमच्या. झालं! बेबीताई दुपारी झोपल्यावर यांनी हीच डबी उघडली, एक तार अडकित्त्यात धरली आणि खरडून पाहिली. आतही तांबंच निघालं. तेव्हा खरं सांगायचं तर त्यांची थोडी निराशाच झाली होती.

भारतनं वायर बाहेर ओढली. एक तार तासून केसासारखी झालेली. डबीतून सुपारीचं खांड खाली पडलं. त्यानं सुपारीकडे पाहिलं, टीपॉयवरच्या अडकित्त्याकडे पाहिलं आणि गुपचूप ते टोक कापून नवं बसवायला घेतलं.

"माय वो!" बेबीताई म्हणाल्या. "अजी, आपली भिंत कवापासून सुपारी खाऊन राह्यली?"

पुंडलिकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरानं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला.

"बाबाराव, वायर अस्सल होती. मीच तासली. पोरगा सोन्यासारखा आहे, काम त्यालेच दे."

पलीकडून हसू आलं. "परवा नकली, आज सोनं? काय पाजलं पोरानं तुले? तूच सांगतलं होतं ना, मालाची तारीफ वाढली की हात आणखी खोल घालाव!" फोन बंद.

भारतनं सगळं ऐकलं होतं. "राहू द्या, काकाजी," म्हणत तो पिशवी भरू लागला.

"राहू कायले देऊ? गाडी काढ!" कापलेलं टोक आणि सुपारीचं खांड रुमालात, अडकित्ता खिशात घालून पुंडलिकराव त्याच्या मागे बसले.

बाबारावांनी तार उजेडात धरली, नखानं खरवडली, अडकित्त्याच्या पात्याला लावून पाहिली. मग पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहत राहिले. बंडीपाशी उभे असलेले कितीतरी शेतकरी पुंडलिकरावांना आठवले. माल खरा असूनही असेच घाम पुसत उभे राहायचे बिचारे. आता पुंडलिकरावांची मान खाली गेली.

"सोमवारपासून ये रे," बाबाराव शेवटी भारतला म्हणाले. "अन् पुंडलिक, तू हा अडकित्ता इथंच ठेवून जा. माह्या घराचं फिटिंग होईपर्यंत."

पुंडलिकरावांनी मुकाट्यानं ठेवला.